उपाशी ठेवलं की यीस्टला स्पोर येतात, हे अर्धंच खरं आहे

प्रश्न होता: ‘एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सॅकरोमायसिस सेरेव्हिसी पोटॅशियम ॲसिटेटमध्ये ठेवलंय. पाच दिवस झाले, एकही ॲस्कस दिसत नाही. गाईड म्हणतात, अजून उपाशी ठेव. मीडियममधल्या घटकांचा स्पोर येण्यावर नेमका काय परिणाम होतो?’

‘गाईड म्हणतात, अजून उपाशी ठेव’ हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मी २००६ च्या डिसेंबरात पुण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये उभं राहून ऐकलंय, आणि त्यापायी माझे अडीच महिने गेलेत.

आधी उत्तर. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी म्हणजे पाव फुगवणारं यीस्ट, स्पोर म्हणजे त्याचे बीजाणू, आणि ते ज्या पिशवीत तयार होतात ती ॲस्कस. नुसत्या उपासमारीने यीस्ट स्पोर करत नाही. त्याचा नायट्रोजन तोडायचा, ग्लुकोज तोडायचं, आणि त्याच वेळी ॲसिटेट मात्र पोटभर द्यायचं. ह्या तिन्ही गोष्टी एकदम जमल्या तरच डिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली, पेशी मायोसिसकडे, म्हणजे स्पोर तयार करणाऱ्या विभागणीकडे वळते. आय-एम-ई-१ नावाचं जनुक हा त्यातला मुख्य दरवाजा. ग्लुकोज असेल तर तो बंद, नायट्रोजन असेल तरी बंद, आणि पेशीत ए आणि अल्फा हे दोन्ही मेटिंग टाइप (यीस्टचे लिंगप्रकार) नसतील तर कायमचाच बंद. म्हणून हॅप्लॉइड, म्हणजे एकच संच आणि एकच मेटिंग टाइप असलेला, स्ट्रेन घेऊन बसला असाल तर कुठल्याही मीडियमवर वर्षभर ठेवा, काही होणार नाही.

पण दरवाजा उघडला म्हणजे काम झालं असं नाही. एका पेशीला डीएनए दुप्पट करायचाय, दोनदा विभागायचंय, चार केंद्रकांभोवती चार भिंती बांधायच्यात. त्या भिंतीही साध्या नाहीत: मॅनन, ग्लुकन, त्यावर कायटोसॅन आणि सगळ्यात बाहेर डायटायरोसिन. हे सगळं करायला ताकद लागते आणि ती ॲसिटेट जाळून, म्हणजे श्वसनातून येते. बाहेरून नायट्रोजन मिळत नाही म्हणून पेशी स्वतःचीच जुनी प्रथिनं मोडून नवी करते. योशिनोरी ओसुमींना २०१६ साली नोबेल मिळालं ते उपाशी यीस्टमधल्या ह्याच मोडणीच्या, ऑटोफॅजीच्या कामाबद्दल. ती यंत्रणा बिघडलेल्या यीस्टला धड स्पोर करता येत नाहीत.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे एकादशीच्या उपासावरून सांगते. निर्जळी उपास करणारा माणूस संध्याकाळी आडवा होतो. साबुदाण्याची खिचडी, रताळं, शेंगदाण्याचे लाडू खाऊन उपास करणारा दिवसभर काम करतो. भात-पोळी नाही, पण इंधन आहे. यीस्टला दुसऱ्या प्रकारचा उपास लागतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आजीचं वाक्य मी बोर्डावर लिहिते, पोरं ते विसरत नाहीत.

आता माझं. तुमच्या पाच दिवसांचं कारण बहुतेक ह्यातच सापडेल.

स्ट्रेन पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) सूक्ष्मजीव संग्रहातून, एनसीआयएममधून आणला होता. डिप्लॉइड, चांगला वाढणारा. सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, पद्धत तोंडी सांगितली: वायपीडीमध्ये (यीस्ट वाढवायचं नेहमीचं मीडियम) रात्रभर वाढव, सकाळी एक भाग कल्चर नऊ भाग एक टक्का पोटॅशियम ॲसिटेटमध्ये घाल, शेकरवर ठेव, तिसऱ्या दिवशी बघ. धुवायला नको का, असं मी विचारलं होतं. ‘एकास नऊ डायल्यूट झाल्यावर उरतं काय त्यात?’ असं ते म्हणाले आणि दुसऱ्या मुलाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी मी मॅलाकाइट ग्रीन घालून, स्लाइडला वाफ देऊन, सॅफ्रॅनिन केलं. ह्या रंगांत स्पोर हिरवे दिसतात, साध्या पेशी गुलाबी. सगळं क्षेत्र गुलाबी, हिरवा ठिपका औषधालाही नाही. सर म्हणाले, अजून उपाशी ठेव. दहाव्या दिवशीही गुलाबीच. मग ते म्हणाले, ‘तुला मायक्रोस्कोप बघता येत नाही. बड आणि ॲस्कस यातला फरक तुला कळत नाही.’ बड म्हणजे वाढणाऱ्या पेशीला फुटलेला कोंब. लॅबमध्ये आणखी सहा जण होते.

त्या दिवशी मी घरी गेले नाही. परत नव्या फ्लास्कमध्ये पेशी सोडल्या आणि शून्य तासापासून दर काही तासांनी नमुना काढून हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या काचेवर, मोजत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेशींची संख्या दुपटीच्या वर गेली होती आणि जिकडे बघावं तिकडे बड. तेव्हा कळलं की ह्या पेशी उपाशी नाहीतच. उपाशी पेशी अशी वाढत नाही.

बाबांना मधुमेह होता. लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या घरात असायच्या, ग्लुकोज असेल तर निळ्याची हिरवी होणाऱ्या. त्यातल्या चार मी रुमालात गुंडाळून लॅबमध्ये नेल्या. नव्याने केलेल्या फ्लास्कमधलं थोडं द्रव सेंट्रिफ्यूज करून वरच्या स्वच्छ पाण्यात पट्टी बुडवली. अर्ध्या मिनिटात कडेने हिरवट रंग चढला. वायपीडीत दोन टक्के ग्लुकोज असतं, माझं कल्चर अजून लॉग फेजमध्ये (भराभर वाढण्याच्या टप्प्यात) होतं म्हणजे त्यातलं बरंच शिल्लक, त्याचा दहावा हिस्सा फ्लास्कमध्ये आलेला. मला वाटलं, सापडलं.

पण दुसऱ्या दिवशी पट्टी निळीच राहिली. साखर पेशींनी रातोरात संपवली होती. तरीही चौथ्या दिवशी स्पोर नाहीत. मग मला पेप्टोन, म्हणजे मीडियममधलं प्रथिनांचं, नायट्रोजनचं खाद्य, आठवलं. वायपीडीत दोन टक्के पेप्टोन आणि एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं. दहावा हिस्सा म्हणजे ०.२ टक्के पेप्टोन, ०.१ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. साखर संपल्यावर समोर ॲसिटेट आहे आणि जोडीला नायट्रोजन आहे. यीस्टच्या दृष्टीने ते उपासाचं ताट नाहीच, ते जेवण आहे. ॲसिटेट आणि पेप्टोन एकत्र देऊन आपण मुद्दाम यीस्ट वाढवतो, त्याला वायपीए म्हणतात. मी दहा दिवस पातळ वायपीएमध्ये यीस्ट वाढवत होते आणि मायोसिसची वाट बघत होते.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हाच: पेशी धुतल्या का? निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याने किमान दोनदा, मी तीनदा धुते. प्रत्येक वेळी वरचं पाणी पूर्ण ओतायचं, तळाशी बोटभर ठेवायचं नाही. ह्यात कंजुषी केलीत तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही.

धुतल्यावर पाचव्या दिवशी २०० पेशींत २२ ॲस्कस मिळाले. पहिला दिसला तो अजून डोळ्यांसमोर आहे. पिशवीसारखी भिंत आणि आत तीन गोळे. तीनच का, म्हणून फाइन फोकस हलकेच फिरवला तर तिघांच्या मागून चौथा वर आला. चार स्पोर पिरॅमिडसारखे बसतात, त्यामुळे एका पातळीत बहुधा तीनच दिसतात. तुम्हीही ‘तीन आहेत’ म्हणून सोडून देऊ नका, फोकस फिरवा.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘बघ, जास्त दिवस ठेवल्यावर आले.’ दिवस तर उलट कमी झाले होते.

दुसरा धडा आधीच्या जेवणाचा. ग्लुकोजवर पोसलेली पेशी एकदम ॲसिटेटमध्ये टाकली की तिची मायटोकॉन्ड्रियाची तयारी नसते, कारण ग्लुकोज असेपर्यंत श्वसनाची जनुकं दाबलेली असतात. म्हणून आदल्या रात्री वायपीएमध्ये वाढवायचं: एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, दोन टक्के पेप्टोन, एक ते दोन टक्के पोटॅशियम ॲसिटेट. मग धुवायचं आणि साध्या एक टक्का ॲसिटेटमध्ये घालायचं. मी हे केलं आणि त्याबरोबर फ्लास्कही बदलला. आधी १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ६० मिली भरत होते. नंतर २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २५ मिली. हवा नाही तर श्वसन नाही, आणि श्वसन नाही तर ॲसिटेट भरलेल्या ताटासारखं समोर पडून राहतं. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, तेव्हा मी आणि माझी मैत्रीण आळीपाळीने फ्लास्क हाताने हलवत बसायचो. त्या खेपेला २०० पैकी १२८. मी तीन वेळा मोजलं.

सर ज्या जुन्या पद्धतीचा आधार घ्यायचे तीही मी नंतर नीट वाचली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन एकोणिसाव्या शतकात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या ठोकळ्यावर यीस्ट ठेवून स्पोर मिळवायचे. ठोकळ्यात पाण्याशिवाय काही नाही, म्हणून सर म्हणायचे की बघा, भूकच पुरते. पण हान्सेनची अट होती की पेशी तरुण आणि उत्तम पोसलेल्या हव्यात, हवा आणि ओल हवी. म्हणजे शिदोरी आत बांधून घेतलेल्या पेशी. गाजराच्या फोडीवर किंवा बटाट्याच्या कापावर स्पोर घेण्याची जी पद्धत होती, तिथेही फोडीतून थोडंफार मिळतच असतं. भुकेच्या आधी काय खाल्लं आणि भुकेत काय खातोय, ह्यावरच सगळा खेळ आहे. तेव्हा हे मला मांडता आलं नाही. आज येतं.

बाकीचे घटक थोडक्यात सांगते.

ॲसिटेटचं प्रमाण: पोटॅशियम ॲसिटेट दमट हवेत पाणी ओढतं. जुलैमध्ये आमच्या लॅबमधली बाटली उघडली तर आत ओल्या मिठासारखा गोळा होता. तो वजन करून टाकला तर निम्मं पाणीच तोलत असता. एकदा मी तसंच केलं आणि चारऐवजी दोनच स्पोरांचे ॲस्कस भरपूर दिसले. ॲसिटेट कमी पडलं की यीस्ट चारही केंद्रकं पॅक करत नाही, दोनच करतं, आणि ती दोन वेगवेगळ्या जोड्यांमधली निवडतं. तुमच्याकडे दोनांचे ॲस्कस दिसत असतील तर बाटली बदला. सोडियम ॲसिटेटही चालतं, पण लेबल वाचा. एक टक्का पोटॅशियम ॲसिटेट म्हणजे साधारण ०.१ मोलर. तेवढंच ट्रायहायड्रेट सोडियम ॲसिटेटमधून हवं असेल तर लिटरला १३.६ ग्रॅम लागतं, निर्जल असेल तर ८.२ ग्रॅम. डोळे मिटून ‘एक टक्का’ करू नका.

पीएच: पेशी ॲसिटेट खातात, पोटॅशियम मागे राहतं, बायकार्बोनेट साठतं, आणि मीडियम अल्कलाइन होत जातं. हे चांगलं लक्षण आहे. चोवीस तासांनी पीएच पेपर बुडवा. सातच्या आसपासच अडकला असेल तर तुमच्या पेशी ॲसिटेट खातच नाहीयेत, आणि अशांना आणखी दहा दिवस ठेवून काही मिळणार नाही. साडेआठच्या पुढे गेला असेल तर गाडी रुळावर आहे. बफर घालून पीएच धरून ठेवण्याचा शहाणपणा करू नका.

प्लेटवर करत असाल तर रेसिपीत एक टक्का पोटॅशियम ॲसिटेटबरोबर ०.१ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि ०.०५ टक्का ग्लुकोज दिसेल, आणि तुम्ही म्हणाल की मग मी वर काय सांगितलं. प्लेटवर दाट पॅच लावतात, तेवढं खाणं त्या गर्दीत पटकन संपतं आणि पेशींना शेवटची एक विभागणी पुरी करायला उपयोगी पडतं. पॅच विरळ लावलात तर तीच प्लेट तुम्हाला फसवेल. मॅक्लॅरी ॲसिटेट अगर ह्या स्पोरांसाठीच्या दुसऱ्या मीडियममध्येही थोडं ग्लुकोज आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं, त्याचंही असंच. स्ट्रेनला ल्युसिन, युरॅसिल वगैरे बाहेरून लागत असेल तर ते ॲसिटेटमध्ये नेहमीच्या पावपट घाला. ‘नायट्रोजन नको’ म्हणून तेही काढलंत तर ज्या पेशीला ते स्वतः करता येत नाही ती अडकते.

तापमान २५ ते ३०. डिसेंबरातल्या पुण्याच्या रात्री साध्या शेकरवर हे मिळत नाही, इन्क्युबेटर शेकरसाठी भांडा.

पेटिट झालेलं कल्चर, म्हणजे श्वसन गमावलेलं, कधीच स्पोर करत नाही. जुनं स्लँट (नळीतल्या तिरक्या अगरवर ठेवलेलं कल्चर) असेल तर आधी ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढतं का बघा. श्वसन नसेल तर तिथे वाढ होत नाही, दोन-तीन दिवसांत संशय फिटतो. आणि कँपातल्या बेकरीतून यीस्ट आणून प्रोजेक्ट करू नका. त्यात गुणसूत्रांचे संच बहुधा दोनापेक्षा जास्त किंवा वेडेवाकडे असतात, स्पोर आले तरी पुष्कळ उगवत नाहीत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी सुरुवातीला सांगितली नाही. मीडियम कितीही अचूक केलं तरी स्ट्रेनचा स्वभाव मोठा असतो. एसके-१ नावाचा स्ट्रेन एका दिवसात नव्वद टक्क्यांच्या वर स्पोर देतो. यीस्टमध्ये ज्याचा जीनोम १९९६ साली सगळ्यात आधी पूर्ण वाचला गेला तो एस-२८८-सी मात्र त्याच मीडियमवर कित्येक दिवसांनी जेमतेम दहा-वीस टक्के. २००५ साली दाखवलं गेलं की ह्या फरकातला मोठा वाटा आरएमई-१, टीएओ-३ आणि एमकेटी-१ ह्या तीन जनुकांतल्या बारीक बदलांचा आहे. तेव्हा तुमचे आकडे माझ्या १२८ शी ताडून बघू नका. आणि तुमच्या हातात शायझोसॅकरोमायसिस पाँबे हे दुसऱ्या जातीचं यीस्ट असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे नायट्रोजन तोडणं हाच मुख्य इशारा, माल्ट एक्स्ट्रॅक्टची प्लेट चालते, आणि ॲसिटेटचं हे पुराण लागू नाही. सरांचं उमेदवारीतलं काम पाँबेवर झालेलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या यीस्टपुरतं ते बरोबर होते. माझ्या फ्लास्कमधलं यीस्ट वेगळं होतं, आणि ते बघायला ते एकदाही टेबलापाशी आले नाहीत.

व्हायवाला एक्स्टर्नल मॅडमनी विचारलं, ‘शून्यावरून ६४ टक्क्यांवर कशी आलीस? काय बदललंस?’ मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, ‘ती नीट बघायला शिकली.’ मॅडमनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. माझ्या थीसिसमध्ये धुण्याचा, वायपीएचा आणि फ्लास्कचा भाग सरांनी आधीच दोन ओळींत आणला होता, ‘तंत्रात सुधारणा’ ह्या मथळ्याखाली. पट्ट्यांचा तक्ता काढून टाकला, कारण लघवीच्या पट्ट्या शास्त्रीय वाटत नाहीत. मी तेव्हा गप्प बसले. बाबा बाहेर बाकावर बसले होते, त्यांना मी सांगितलं की तुमच्या पट्ट्यांनी प्रोजेक्ट वाचवला. त्यांनी तेवढंच धरून ठेवलं, पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायचे.

म्हणून तुम्हाला सांगते, आज नवीन फ्लास्क लावा. वायपीएमध्ये वाढवा, तीनदा धुवा, मिलीला दोन-तीन कोटी पेशी ठेवा, फ्लास्कच्या दहाव्या हिश्श्याएवढंच भरा. शून्य, चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांना पेशी मोजा आणि पीएच पेपर बुडवा. काय बदललं ते त्याच दिवशी जर्नलमध्ये तारखेसकट लिहा आणि त्या पानावर गाईडची सही त्याच दिवशी घ्या, व्हायवाच्या आठवड्यात नाही. पेशी वाढत असतील तर तो आकडा घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचारा, उपाशी असतील तर वाढतात कशा. स्ट्रेन कुठला आहे आणि आतापर्यंत धुतल्या होत्या की नव्हत्या एवढं लिहा, मग पुढचं बघू.